आरोप लेखी द्या, पुरावा दाखवा

सिलोन (आताच्या श्रीलंकेतल्या) विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या अंतिम परीक्षेत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषांतरासाठी एक अपरिचित जर्मन उतारा दिला जात असे. १९५० च्या दशकात फर्नांडो नावाच्या विद्यार्थ्यावर आरोप झाला, की हा उतारा त्याला परीक्षेआधीच ठाऊक होता. आरोप करणारी मुलगी त्याच्याच बरोबर परीक्षेला बसलेली होती. चौकशी आयोग बसला, तिची साक्ष त्याच्या माघारी घेतली गेली, आरोप सिद्ध मानला गेला आणि विद्यापीठाच्या सगळ्या परीक्षांची दारे त्याला बेमुदत बंद झाली. तो कोर्टात गेला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे सिलोनसाठी तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, पोचले आणि १९६० मध्ये तिथे विद्यापीठ जिंकले. साक्षीदार मुलीला प्रश्न विचारू द्या, अशी मागणी त्याने चौकशीत केलीच नव्हती, यावर कौन्सिलने बोट ठेवले. त्याने मागणी केली असती आणि ती फेटाळली गेली असती, तर त्याची तक्रार बरीच जड ठरली असती, असा त्या निकालाचा रोख होता.

मला हा निकाल आजही कठोर वाटतो. ऐन विशीतला मुलगा, समोर चौकशीला बसलेली मोठमोठी माणसे, आणि साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची परवानगी मागावी लागते हे सांगणारे कोणी नाही. तरीही त्यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट खरी आहे. जे मागितलेच नाही, ते आपल्याला नाकारले गेले असे मागाहून म्हणता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की गैरवर्तनाचा आरोप झालेल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी एक लेखी मागणी करावी. आरोप नेमका काय आहे, तो कोणत्या नियमाखाली आहे, कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि उत्तर द्यायला किती मुदत आहे, हे सगळे त्याने कागदावर मागावे. माफी, खुलासा, संताप या सगळ्याला पुढे जागा आहे. आणि विद्यापीठांनी या मागणीकडे उद्धटपणा म्हणून पाहणे थांबवावे.

प्रत्यक्षात होते ते उलटे. आरोपाचा पहिला तास सगळ्यात धोक्याचा असतो. विद्यार्थ्याला केबिनमध्ये बोलावले जाते. तोंडी सांगितले जाते, की तुझे काम नकललेले आहे, आमच्याकडे सगळे आहे. मग आवाज मऊ होतो. कबूल करून टाक, प्रकरण इथेच मिटवू, वर गेले तर आमच्या हातात राहणार नाही. सांगणाऱ्याच्या मनात अनेकदा खरोखर दयाच असते. पण समोरच्या मुलासाठी हा सापळा ठरतो, कारण तिथे लिहून दिलेला चार ओळींचा माफीनामा फाइलला लागतो आणि पुढे समितीसमोर तोच सर्वांत वजनदार पुरावा बनतो. मग मूळ पुरावा किती कच्चा होता हे कोणी तपासत नाही. कबुली आली की तपास थांबतो. ज्याने काहीच केलेले नाही, तोही घाबरून, थकून, घरी कळू नये म्हणून सही करतो. आणि ‘इथेच मिटवू’ म्हणणाऱ्याला प्रकरण मिटवण्याचा अधिकार तरी असतो का, हे त्याला माहीत नसते. बहुतेक ठिकाणी तो अधिकार समितीचा असतो.

अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२१ मध्ये जे घडले, ते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. सतरा विद्यार्थ्यांवर ठपका आला, की ऑनलाइन परीक्षा चालू असताना त्यांनी अभ्यासाचे साहित्य उघडून पाहिले. पुरावा काय, तर महाविद्यालयाच्या शिक्षणप्रणालीत आपोआप होणाऱ्या नोंदी. त्या प्रणालीत घरी ठेवलेला टॅब किंवा फोन, कोणी हात न लावताही, पार्श्वभूमीत पाने ताजी करत राहतो आणि त्याचीही नोंद होते. हे तंत्रज्ञांनी आणि पत्रकारांनी दाखवून दिले. पण त्याआधी काय झाले होते? विद्यार्थ्यांच्या सांगण्यानुसार उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तासांहून कमी वेळ मिळाला, पूर्ण नोंदी दाखवल्या गेल्या नाहीत, काहींना कबुली देण्याचा सल्ला दिला गेला आणि ऑनलाइन सुनावणीत बाजू मांडायला कुणाला अवघी दोन मिनिटे मिळाली. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या माणसाच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न, आणि दोन मिनिटे. शेवटी जूनपर्यंत सगळ्यांवरचे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली.

नोंद खरी होती. तिचा लावलेला अर्थ चुकीचा होता. आरोपाला उत्तर देताना हा फरक धरून बोलता आले पाहिजे. ‘मी असे केलेच नाही’ एवढे म्हणणे पुरत नाही. ‘तुम्ही दाखवता ती नोंद कशाने निर्माण होते, तिला दुसरे कारण असू शकते का, ते तपासले का’ असे विचारावे लागते. आणि तसे विचारायचे तर नोंद हातात हवी. म्हणूनच पुरावा मागणे ही पहिली पायरी.

पहिले पत्र कसे असावे? लहान. तारीख, विषय, आणि एवढेच की माझ्यावर अमुक दिवशी तोंडी किंवा ईमेलने असा आरोप असल्याचे कळले. आरोपाचा तपशील, लागू होणारा नियम, पुराव्याच्या प्रती आणि उत्तराची मुदत मला लेखी कळवावी. ते मिळाल्यावर मी सविस्तर उत्तर देईन. त्यात गुन्हा कबूल करणारे काही नको, शिक्षकाच्या हेतूवर शंका घेणारे काही नको आणि घरच्या अडचणींची कहाणीही नको. ती कहाणी खोटी असते म्हणून नव्हे. तिची जागा शिक्षा किती व्हावी हे ठरताना असते, आरोप खरा की खोटा हे ठरताना नसते. खूप विद्यार्थी इथेच घोटाळा करतात. आई आजारी होती, झोप झाली नव्हती, असे पहिल्याच पत्रात लिहितात. वाचणाऱ्याला ती कबुलीची प्रस्तावना वाटते.

मुदतीचा मात्र मान ठेवायचा. पुरावा मिळाला नाही म्हणून गप्प बसलो, ही सबब कुठेही चालत नाही. मुदतीच्या आत उत्तर द्यायचे आणि त्यातच नोंदवायचे, की अमुक कागद मागूनही मिळालेला नाही, म्हणून हे उत्तर अपुरे आहे. नोटिशीचे पाकीट न उघडणे, ईमेलला उत्तर न देणे, सुनावणीला न जाणे, हे भीतीपोटी होते आणि ते पूर्ण समजण्यासारखे आहे. पण त्याचा अर्थ विरुद्ध लावला जातो आणि निर्णय एकतर्फी होतो.

परीक्षागृहातल्या प्रकरणाची गत वेगळी. तिथे सगळे काही मिनिटांत घडते. सुपरवायझर किंवा भरारी पथक उत्तरपत्रिका काढून घेते, बाकाखाली सापडलेला कागद पुढे करते, फॉर्मवर सही मागते. सही करायला नकार देऊन तिथे वाद घालण्यापेक्षा फॉर्म वाचून त्यावर आपल्या हाताने आपली हकीकत लिहिणे शहाणपणाचे: कागद माझा नाही, माझ्या हातात नव्हता, शेजारच्या बाकाखाली होता, त्यातला मजकूर आजच्या प्रश्नपत्रिकेचा नाही, जे खरे असेल तेवढेच. आणि त्याखाली सही. मजकूर कोरा ठेवलेल्या फॉर्मवर सही कधीच करू नये. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, कोण कुठे बसले होते, किती वाजता काय झाले, कोण काय बोलले, हे लिहून काढावे. समितीची तारीख येईपर्यंत कधी आठवडे जातात, कधी महिने. आणि राखून ठेवलेल्या निकालाच्या ताणात माणसाची आठवणही बदलते.

घरून लिहून दिलेल्या कामाबाबत पुरावा विद्यार्थ्याच्याच संगणकात पडलेला असतो, पण तो टिकवावा लागतो. लिखाणाचे जुने मसुदे, फाइलचा आवृत्ती-इतिहास, हाताने काढलेली टिपणे, वाचनालयाच्या नोंदी, मार्गदर्शकाशी झालेला पत्रव्यवहार, ज्या लेखांतून मुद्दे घेतले त्यांच्या अधोरेखित प्रती. आरोप कळताच काहीजण घाबरून फाइली पुसतात, चॅट उडवतात. असे कधीही करू नये. निर्दोष माणूसही त्यामुळे दोषी दिसतो, आणि स्वतःची सर्वांत भक्कम साक्ष तो स्वतःच्या हाताने नष्ट करतो.

आता यंत्राने यंत्राला पकडण्याच्या खेळाविषयी. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आजचे कितीतरी आरोप इथून निघतात आणि इथला पुरावा सर्वांत फसवा आहे. निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिला का, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने विद्यापीठांनी घाईने स्वीकारली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतः असे साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के त्याने यंत्राच्या नावावर टाकला. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने ते मागे घेतले. ज्यांनी यंत्र बनवले त्यांनाच त्याचे लिखाण खात्रीने ओळखता आले नाही.

‘आमच्या साधनाची चूक फक्त एक टक्का’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो आकडा क्षुल्लक वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला: २०२२ मध्ये त्यांनी टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या प्रणालीत ७५,००० कामे तपासली होती, एक टक्का चूक धरली तर सुमारे ७५० विद्यार्थ्यांच्या कामांवर खोटा शिक्का बसला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिनचे यंत्रलेखन ओळखणारे साधन बंद केले. हाच हिशेब वेगळ्या बाजूने करून पाहू. समजा हजार निबंध आले, त्यातले शंभर यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत, आणि साधन त्यातले ऐंशी पकडते. उरलेल्या नऊशे प्रामाणिक निबंधांपैकी एक टक्का, म्हणजे नऊ, चुकून अडकतात. एकूण एकोणनव्वद जणांवर आरोप, त्यात नऊ निर्दोष. साधारण दहातला एक. चुकीचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, तर आरोपींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा निर्दोष निघेल. समितीच्या टेबलावर मात्र प्रत्येकाच्या कागदावर सारखाच लाल आकडा असतो.

आणि ही चूक सर्वांवर सारखी पडत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून दाखवले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र या साधनांनी जवळजवळ अचूक ओळखले. परक्या भाषेत जपून लिहिणारा विद्यार्थी ओळखीचे शब्द, सरळ वाक्ये, पाठ झालेल्या रचना वापरतो, आणि अपेक्षित शब्दांमागून अपेक्षित शब्द येणे हेच या साधनांना यंत्राचे लक्षण वाटते. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या कुणाही मुलाने हा मुद्दा आपल्या उत्तरात मांडायला अजिबात संकोच करू नये.

२०२३ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या एका विद्यापीठात एका शिक्षकाने वर्गातल्या मुलांचे निबंध चॅटजीपीटीलाच देऊन ‘हे तू लिहिलेस का’ असे विचारले. त्याच्या होकारावर विसंबून, पदवी हाताशी आली असताना, मुलांचे गुण रोखले. त्या यंत्राला आपण काय लिहिले याची अशी नोंद देता येत नाही. विचारले की ते काहीतरी पटेल असे उत्तर देते. ही साधने कशी चालतात हे माहीत नसलेल्या माणसाने ती पुरावा म्हणून वापरावीत आणि त्याचा भार विद्यार्थ्याने वाहावा, हे मला मान्य नाही. अशा आरोपाला तोंड देताना विद्यार्थ्याने साधनाचे नाव, आवृत्ती, त्याच्या चुकीचे जाहीर प्रमाण आणि या अहवालाखेरीज दुसरा काही पुरावा आहे का, हे विचारावे. मग स्वतःहून एक प्रस्ताव द्यावा, की माझ्या लेखनाविषयी मला समोर बसवून विचारा. हा मुद्दा कुठून घेतला, तिसऱ्या परिच्छेदात असे का म्हटले, हा संदर्भ का निवडला. ज्याने लिहिले आहे त्याला यातले बरेच सांगता येते. मला हे सर्वांत न्याय्य वाटते, आणि समितीलाही त्यातून आकड्यापेक्षा खूप जास्त कळते.

नक्कल तपासणारी प्रणाली देते त्या साधर्म्याच्या टक्केवारीचेही थोडे असेच. तुमचा मजकूर इतरत्र कुठे सापडतो एवढेच ती सांगते. चोरी झाली का, हे माणसाला वाचूनच ठरवावे लागते. अवतरणे, संदर्भसूची, प्रमाण सूत्रे, कायद्याचा मजकूर, संशोधनपद्धतीची ठरीव वाक्ये हे सगळे जुळतेच. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम हे मान्य करतात. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भ, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, चिन्हे, समीकरणे वगळायची. सामान्य ज्ञानाचा किंवा योगायोगाने जुळलेला चौदा सलग शब्दांपर्यंतचा मजकूरही धरायचा नाही. प्रबंधांसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, चाळीस ते साठला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर नोंदणी रद्द. म्हणजे वगळण्याच्या गोष्टी वगळल्या की नाहीत, यावर माणसाची पायरी बदलू शकते. एकेचाळीस टक्क्यांचा अहवाल हातात पडला तर तो ओळीने ओळ वाचावा. संदर्भसूची मोजली आहे का, स्वतःचाच आधीचा मसुदा मोजला आहे का, हे पाहावे. आपला संपूर्ण अहवाल न मागता फक्त वरचा आकडा मान्य करणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणे.

ज्याने खरोखर चूक केली आहे, त्याचे काय? मी त्याला लपवाछपवीचा सल्ला देणार नाही. खोटे बोलणे मला पटत नाही, आणि ते टिकतही नाही. पण त्यालाही आरोप लेखी मागण्याचा तेवढाच हक्क आहे, कारण कबुली नेमकी असावी लागते. दोन परिच्छेद संदर्भ न देता घेतले असतील, तर दोन परिच्छेद म्हणावे. सगळा प्रबंध चोरीचा, असे भीतीने मान्य करू नये. मित्राला आपली वही दाखवली आणि त्याने ती उतरवली, हे मित्राबरोबर संगनमताने कॉपी करण्यापेक्षा वेगळे आहे. संदर्भ देण्याची पद्धत न कळणे आणि पैसे देऊन काम लिहून घेणे यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, पहिलीच चूक, आधी काही शिकवले होते की नाही, या गोष्टी शिक्षा ठरवताना मोजल्या गेल्या पाहिजेत आणि त्या मोजायला लावणे हे विद्यार्थ्याच्या उत्तराचे काम आहे. प्रामाणिक आणि नेमकी कबुली मला समितीच्या आदराला पात्र वाटते. सरसकट माफीनामा मात्र शिकण्याच्याही कामाचा नाही, कारण त्यात आपण काय चुकलो हेच लिहिलेले नसते.

शिक्षक मित्र यावर जे म्हणतात ते मी ऐकले आहे आणि त्यात तथ्य आहे. कॉपी खरी आहे आणि भरपूर आहे. शंभर-सव्वाशे कामे तपासणारा शिक्षक प्रत्येक संशयासाठी फाइल उभी करू लागला, तर शिकवणार कधी? आणि कॉपी सुटली की प्रामाणिक मुलांवर अन्याय होतो, त्याविषयी कोणी लेख लिहीत नाही. हे सगळे मान्य. न्यायालयांनीही या मर्यादा ओळखल्या आहेत. एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे दिसल्यावर बिहारच्या परीक्षा मंडळाने तिथली परीक्षाच रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांगितले, की तिथे प्रत्येक परीक्षार्थीला वेगळी सुनावणी देण्याची गरज नाही. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या वसतिगृहात शिरून गैरवर्तन केल्याच्या प्रकरणात १९७३ मध्ये त्याच न्यायालयाने मुलींची साक्ष आरोपी विद्यार्थ्यांच्या माघारी घेणे योग्य ठरवले, कारण समोरासमोर आणले असते तर त्या मुलींना धोका होता. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. साक्षीदाराला संरक्षण लागते, आणि आरोपीचे हक्क म्हणजे साक्षीदाराला धमकावण्याचा परवाना होऊ शकत नाहीत. फर्नांडोला साक्षीदार मुलीला प्रश्न विचारता यायला हवे होते असे मला वाटते. वसतिगृहातल्या मुलींच्या बाबतीत तसे वाटत नाही. प्रसंग पाहूनच हे ठरते.

पण या अपवादांतही एक गोष्ट सुटलेली नाही. रांचीच्या विद्यार्थ्यांना आरोप काय ते लेखी कळवले होते आणि उत्तर देण्याची संधीही दिली होती. आरोप न सांगता, बाजू न ऐकता एकट्या माणसाला शिक्षा करणे न्यायालयांनी सहसा चालवून घेतलेले नाही, आणि गंमत म्हणजे, या विचाराच्या जुन्या मुळांपैकी एक विद्यापीठातच आहे. केंब्रिज विद्यापीठाने १७१८ मध्ये रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याला न ऐकताच काढून घेतल्या. १७२३ मध्ये न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. एका न्यायमूर्तीने आठवण करून दिली, की बायबलातल्या देवानेही ॲडमला शिक्षा देण्याआधी त्याची बाजू विचारली होती. अमेरिकेत १९६० मध्ये अलाबामा राज्याच्या महाविद्यालयाने वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनानंतर नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नोटीस नाही, सुनावणी नाही, असे काढून टाकले. १९६१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की सरकारी महाविद्यालयातून काढण्यापूर्वी आरोपाची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागेल. भारतात उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या तीन विद्यार्थ्यांचा निकाल त्यांना न विचारता रद्द केला आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते चुकीचे ठरवले: माणसाच्या भविष्यावर असा घाव घालणारी समिती न्यायनिवाड्यासारखेच काम करत असते, म्हणून तिने ऐकून घेतलेच पाहिजे. नियमात सुनावणीचा उल्लेख नव्हता, तरीही.

राहिला वेळेचा प्रश्न. आरोप एका पानावर लिहून पुराव्याची प्रत जोडायला शिक्षकाला फार वेळ लागत नाही. ज्याला तो वेळ नाही, त्याला आरोप करण्याइतकी खात्रीही नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. उलट, लिहायला बसले की कच्चे संशय आपोआप गळतात, हा त्यातला मोठा फायदा.

सुनावणीविषयी थोडेच सांगतो. सोबत कोणाला आणता येते का, हे नियमांत पाहावे आणि येत असेल तर आणावे. बोलू दिले नाही तरी लिहून घ्यायला एक माणूस असतो. समितीत आरोप करणारे शिक्षकच बसले असतील, तर तिथेच, नम्रपणे, पण नोंद होईल असे हरकत घ्यावी. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. सुनावणी संपल्यावर काय काय झाले ते त्याच संध्याकाळी ईमेलने समितीला कळवावे. निर्णय विरुद्ध गेला तर कारणांसह आदेशाची प्रत मागावी, कारण कारणांशिवाय अपील लिहिता येत नाही. अपिलात पुन्हा सगळी कहाणी सांगून फारसा उपयोग होत नाही. प्रक्रिया कुठे चुकली, कोणता नवा पुरावा आहे, शिक्षा चुकीच्या मानाने अति का आहे, या तीन गोष्टींवर ते उभे राहते. इंग्लंड-वेल्समध्ये विद्यापीठाबाहेरचे स्वतंत्र तक्रार कार्यालय आहे. विद्यापीठाचा अंतिम निर्णय कळवणारे पत्र मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत तिथे जाता येते, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार विद्यापीठावर असतो ही तिथली भूमिका आहे. भारतात स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायालय बहुधा शेवटी येते, आणि तिथे बहुतेक वेळा पुराव्याचे पुन्हा वजन होत नाही. प्रक्रिया नीट झाली का एवढेच पाहिले जाते. म्हणजे पुन्हा तेच: वेळेवर काय मागितले होते, त्याचा कागद आहे का.

या सगळ्यात एक गोष्ट नियमांत कुठेच लिहिलेली नसते. आरोप झालेला विद्यार्थी एकटा पडतो. मित्र चार हात लांब राहतात, घरी सांगायची हिंमत होत नाही आणि रात्र रात्र झोप लागत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्याच दिवशी एका तरी मोठ्या माणसाला सांगा: आई, वडील, मोठी बहीण, विश्वासातले शिक्षक, कोणीही. पालकांनीही ऐकताना पहिला प्रश्न ‘तू केलेस का?’ हा विचारू नये. ‘कागद काय आला आहे, दाखव’ असे म्हणावे. आरोप हा निर्णय नाही, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी वर्ष वाया जाते, आयुष्य नाही. शिकवणाऱ्या संस्थेनेही नोटिशीतच समुपदेशकाचा संपर्क द्यावा. शिक्षेचे कलम छापायला जागा असते, तशी याला असावी.

आणि आरोप खोटा ठरला तर? बहुतेक ठिकाणी यानंतर शांतता असते. निकाल गुपचूप लागतो, कोणी काही कळवत नाही आणि मुलगा सुटकेच्या आनंदात काही मागत नाही. इथेही मागावे. आरोप सिद्ध झाला नाही असे लेखी पत्र, रोखलेले गुण आणि निकाल ठरलेल्या मुदतीत, हुकलेल्या परीक्षेची पुन्हा संधी, आणि फाइलमधली नोंद काढल्याची किंवा तिच्यावर शेरा मारल्याची खात्री. उद्या परदेशी प्रवेशाच्या अर्जात ‘तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का’ असा प्रश्न येतो तेव्हा त्याला हेच पत्र लागते. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांच्या कानावर आरोप गेलेला असतो. निर्दोष ठरल्याचे मात्र त्यांना कोणीच सांगितलेले नसते. ज्या ज्या टेबलावर आरोपाची प्रत गेली होती, त्या प्रत्येक टेबलावर हे पत्रही विद्यापीठाने स्वतःहून पाठवावे.